डेरेकचं डबकं

(सप्टेंबरातली सकाळ. इंग्लंडच्या नॉरफक काउंटीत, बीटसाखरेच्या एका कारखान्यामागे, जुन्या खडीच्या खाणीत साठलेलं तळं. काठावर लाकडी खोपटं. आत एकच बाक, बाकावर तिघं जण, समोर डोळ्यांच्या उंचीवर पाण्याकडे उघडणारी आडवी फट.)

आयव्ही : ती पुडी एकदाची फोड, रॉजर, नाहीतर खिशात घाल. मघापासून कानाशी उंदीर कुरतडतोय असं वाटतंय.

रॉजर : माफ करा, मिस आयव्ही. खोकल्याच्या गोळ्या आहेत. आवाज होऊ नये म्हणून हळू फोडतोय.

आयव्ही : हळू फोडतोस म्हणूनच होतोय. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हाही तू असाच. सगळी पोरं डोळे मिटून प्रार्थना म्हणायची, आणि मागच्या बाकावरून आपलं कुर्र, कुर्र.

रॉजर : त्याला साठ वर्षं झाली.

आयव्ही : गोळ्या मात्र त्याच.

मॉरीन : दोघंही जरा हळू. पाणकोंबडी बाहेर आलीय.

रॉजर : पाणकोंबडीची नोंद आहे, मॉरीन. पहिल्याच पानावर आहे.

मॉरीन : नोंद आहे म्हणून तिला घाबरवायचं का?

रॉजर : तसं नव्हे. मी एवढंच म्हणतोय की मला साडेअकराला निघायला हवं. दोन वाजता नॉरिचला छापखान्यात पुस्तक द्यायचंय. आता सव्वादहा झालेत. पाणकोंबडीकडे बघत बसलो तर...

मॉरीन : तर काय? तुम्ही लागोपाठ तीन मंगळवार आलात. पहिल्या मंगळवारी पाऊस, दुसऱ्या मंगळवारी तुमचा गुडघा. आज ऊन आहे, गुडघाही शहाण्यासारखा वागतोय. बसा.

रॉजर : बसलोच आहे. हा बाक कोणी बनवला? फार अरुंद आहे हो.

मॉरीन : डेरेकनं. त्याच्या मापानं बनवला होता.

आयव्ही : माझ्या भावाला ढुंगणच नव्हतं. लहानपणापासून.

रॉजर : हं. मॉरीन, हे बघा, मी तुमच्याच बाजूचा आहे. पण आपल्या पक्षिमंडळाचा नियम अगदी सरळ आहे. काउंटीतल्या पक्षी बघायच्या जागांचं आपलं पुस्तक दहा-बारा वर्षांनी एकदा निघतं. त्यात नवी जागा घ्यायची तर तिथे शंभर प्रकारचे पक्षी नोंदलेले हवेत. तुमच्या तळ्यावर नव्व्याण्णव आहेत.

मॉरीन : शंभर आहेत.

रॉजर : मान्य झालेले नव्व्याण्णव आहेत.

मॉरीन : शंभरावा डेरेकनं पाहिला होता.

आयव्ही : सॉसेज रोल कोणाला हवाय?

रॉजर : मॉरीन, ती काळ्या मानेची डुबडुबी... त्या नोंदीचा कागद मी आजही फाइलमध्ये जपून ठेवलाय. डेरेकचं अक्षर किती सुरेख होतं. "मान काळी, अंगाच्या बाजू तांबूस, डोळा लालभडक, कानामागे सोनेरी पिसांचा पंखा." आणि खाली तारीख, अकरा जानेवारी. जानेवारीत, मॉरीन...

आयव्ही : रॉजर. रोल गार होतोय.

रॉजर : तो आधीच गार आहे, मिस आयव्ही.

आयव्ही : मग आणखी होईल. खा.

मॉरीन : दुसऱ्या दिवशी तीस माणसं आली होती इथे. आठवतं ना तुम्हाला? दुर्बिणी, तिपाया, चिखलात रुतलेल्या मोटारी. नॉर्थॅम्प्टनहून सुद्धा एकजण आला होता, रात्रीच गाडी काढून.

रॉजर : आठवतं. मीही होतो त्यात.

मॉरीन : डेरेकला तेव्हा खोपटापर्यंत चालवत नव्हतं. घराच्या वरच्या खिडकीत खुर्ची ठेवून दिली होती त्याला. दिवसभर बघत बसला. म्हणाला, "मॉरीन, बघ गं, आपल्या डबक्याला लोक आलेत."

आयव्ही : तीस जणांना चहा दिला मी. किटलीचं बूड जळलं.

मॉरीन : आणि कुणालाच डुबडुबी दिसली नाही. मग मंडळानं नोंद नाकारली. फेब्रुवारीत डेरेक गेला. एप्रिलमध्ये तुम्ही नवा नियम केलात, की दुर्मीळ पक्षी एकट्यानं पाहिलेला चालणार नाही, दोन सभासद हवेत.

रॉजर : तो नियम सर्वांसाठी होता.

मॉरीन : सगळे त्याला डेरेकचा नियम म्हणतात, रॉजर. मी शेजारी उभी असले की आवाज खाली आणून म्हणतात. मला ऐकू येतं. कान चांगले आहेत माझे. टिटवी पाऊण मैलावरून ओळखते.

रॉजर : हे मात्र खरं. तुमच्याइतका कान अख्ख्या मंडळात कोणाला नाही. हे मी सभेतसुद्धा बोललोय.

आयव्ही : नऊ वर्षांपूर्वी हिला बदक आणि हंस यांतला फरक कळत नव्हता.

मॉरीन : एवढंही नाही हं.

आयव्ही : एवढंच. शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं काढली या बाईनं. पक्षी म्हणजे हिच्या लेखी ओव्हनमध्ये जायचा तो. डेरेक गेला आणि दुसऱ्या दिवसापासून ही त्याची दुर्बीण गळ्यात अडकवून इथे. बर्फ असो, वारा असो. मी म्हटलं, वेड लागलं वहिनीला.

मॉरीन : डेरेकची यादी चौऱ्याऐंशीवर थांबली होती. वरचे सगळे मी पाहिलेत. एकेक. दुसरा सभासद सोबत आणून, तुमच्या नियमाप्रमाणे.

रॉजर : म्हणूनच मी आलोय ना. मला हे तळं पुस्तकात हवंय. खरोखर. पण माझ्या मनात असून उपयोग नाही. आज एक नवा पक्षी, माझ्यादेखत. बस.

मॉरीन : तो बन शेतकरी काल भेटला, पोस्टाच्या दारात.

रॉजर : जमीन त्याचीच ना?

मॉरीन : त्याचीच. म्हणाला, "मॉरीन, तुमचं तळं पुस्तकात आलं तर मी हात लावणार नाही, शब्द देतो. नाही आलं तर नोव्हेंबरपासून कारखान्यातली बीट धुतलेली माती इथे पडेल. दोन हिवाळ्यांत भरेल." चांगला माणूस आहे. वाईट वाटत होतं त्याला. टोपी काढून बोलला.

आयव्ही : टोपी काढून माती टाकणार.

रॉजर : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

मॉरीन : सांगून काय? तुम्ही दया करून शंभर लिहिलं असतंत का?

रॉजर : नाही.

मॉरीन : मग? ...थांबा. गप्प बसा जरा.

रॉजर : काय झालं?

मॉरीन : पाण्यावरचे ते काळे चांदवे बघा.

रॉजर : चांदव्यांची नोंद...

मॉरीन : नोंद आहे हो, माहितीय! पण ते काय करतायत ते बघा ना. मघाशी अख्ख्या तळ्यावर पसरले होते, आता मधोमध एकमेकांना चिकटलेत. पाणकोंबडी लव्हाळ्यात घुसली. आणि टिटव्या उठल्या. सगळ्या एकदम.

आयव्ही : कारखान्याचा भोंगा झाला असेल.

मॉरीन : भोंग्याला कुणी भीक घालत नाही इथे. वर काहीतरी आहे. रॉजर, आकाश बघा. पाणी नको, आकाश.

रॉजर : बघतोय. काही नाही. दोन कबुतरं. एक... हां, एक मोठा काळ्या पाठीचा कुरव आहे. कारखान्याच्या चिमणीच्या डावीकडे. अजून पिल्लाची पिसं आहेत.

मॉरीन : कुरव? त्याच्यामागे कावळे का लागलेत मग?

रॉजर : कावळे कुणाच्याही मागे लागतात.

मॉरीन : चष्मा कुठला घातलाय तुम्ही?

रॉजर : हा... वाचायचा आहे. थांबा, थांबा.

आयव्ही : अरे देवा. पाव शतक मंडळाचा चिटणीस.

मॉरीन : पंख बघा, रॉजर! लांब, आणि कोपरात वाकलेले. पोट पांढरंशुभ्र. डोळ्यावरून काळी पट्टी. कुरवाला कधी पट्टी असते का?

रॉजर : थांबा हो, दिसला... नाही, गेला... आला. अरे. अरे, अरे, अरे.

मॉरीन : बोला ना! मी नाव घेणार नाही. तुम्ही घ्या.

रॉजर : ऑस्प्रे.

आयव्ही : तो मासे मारणारा गरुड?

रॉजर : तोच, मिस आयव्ही, तोच! स्कॉटलंडहून आफ्रिकेला निघालेला. मॉरीन, या तळ्यावर ऑस्प्रे!

आयव्ही : झाले ना मग शंभर? लिही.

रॉजर : लिहिता येत नाही.

आयव्ही : का रे? हात मोडला?

रॉजर : वरून उडत जाणारा पक्षी यादीत धरत नाहीत. नाहीतर नॉरिचच्या विमानतळालासुद्धा पुस्तकात घ्यावं लागेल. पक्ष्यानं ती जागा वापरायला हवी. पाण्याला, झाडाला, जमिनीला पाय लागला पाहिजे.

आयव्ही : हा नियम कोणी केला?

रॉजर : मी.

आयव्ही : रविवारच्या शाळेत तुला मी धोपटायला हवं होतं.

मॉरीन : भांडू नका. नियम बरोबर आहे. तो फिरतोय बघा, अजून गेला नाही. पाण्याकडे बघतोय तो. मान खाली आहे. ये रे बाबा. ये. मासे आहेत इथे. भरपूर आहेत.

रॉजर : कावळे त्याला टिकू देणार नाहीत.

मॉरीन : गेलेच ते बघा, एक राहिला. ये... नाही, नाही, नाही, तिकडे नको!

रॉजर : चिमणीकडे वळला.

आयव्ही : कुठे आहे? मला काहीच दिसत नाहीये.

रॉजर : धुरामागे गेला, मिस आयव्ही. दिसत नाही आता.

मॉरीन : ये रे. परत ये.

रॉजर : मॉरीन, वाईट वाटून घेऊ नका. पाहिला तर खरं. फार कमी लोकांना...

मॉरीन : टिटव्या खाली बसल्या नाहीत अजून.

रॉजर : म्हणजे?

मॉरीन : म्हणजे त्यांना तो दिसतोय. आपल्याला दिसत नसेल. गेला असता तर बसल्या असत्या. दुर्बीण खाली ठेवू नका, हात दुखला तरी.

रॉजर : दुखतोय.

मॉरीन : दुखू दे.

आयव्ही : आला! तो बघा, धुरातनं! माझ्या नुसत्या डोळ्यांना दिसला, तुमच्या नळ्यांना नाही!

मॉरीन : शाब्बास, आयव्ही! आला, सरळ आपल्यावर आला. थांबलाय. जागच्या जागी पंख मारतोय. पाय सोडले... पाय सोडले, रॉजर...

रॉजर : पडला! नाही. अर्ध्यातून वळला. पाण्याला लागला नाही. मॉरीन, मी खोटं नाही लिहिणार, हातभर अंतर राहिलं.

मॉरीन : मी पण पाहिलं. नाही लागला. पुन्हा वर चाललाय. त्यानं अंदाज घेतला नुसता. पहिली उडी कुणाची नीट पडते? आयव्ही, माझा हात सोडा, रक्त थांबलंय.

आयव्ही : तूच माझा धरलायस.

मॉरीन : हो का? राहू दे मग. ...आता. आता बघा. आता!

रॉजर : गेला!

आयव्ही : बुडाला! बुडाला की काय मेला!

मॉरीन : नाही, पंख वर आहेत, पाण्यावर पसरलेत... ऊठ... ऊठ रे... उठला! उठला! मासा आहे! दोन्ही पायांत मासा आहे!

रॉजर : कार्प! अहो कार्प आहे, दोन शेराचा असेल! बघा, अंग कसं झटकलं, कुत्र्यासारखं. आणि मासा फिरवला, तोंड पुढे केलं. असंच नेतात ते, वारा कापायला. मॉरीन, मी पुस्तकात हे शंभर वेळा लिहिलंय आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आयव्ही : पाय लागले का पण?

रॉजर : पाय? मिस आयव्ही, पाय, पोट, मान, शेपूट, सगळं लागलं! माझ्या चष्म्यावर थेंब उडाल्यासारखं वाटलं मला!

आयव्ही : ते तुझ्या डोळ्यातलं पाणी आहे, बाळा. पूस.

मॉरीन : गावातला नॉर्मन तीन वर्षं गळ टाकून बसलाय त्या कार्पसाठी. डब्यात मका, कणीक, काय काय आणायचा. आणि हा आला, उचलला, चालला आफ्रिकेला.

आयव्ही : नॉर्मनला मी सांगणार. मला सांगू दे. खूप दिवसांत कुणाला काही सांगितलं नाही मी.

रॉजर : अकरा वाजून चार मिनिटं. लिहितो. वारा नैर्ऋत्येचा. पाहणारे सभासद, मॉरीन गॉट्स आणि रॉजर लार्टर.

आयव्ही : आणि मी? धुरातून कोणी काढला त्याला?

रॉजर : तुमची वर्गणी भरलेली नाही, मिस आयव्ही.

आयव्ही : घे, हा रोल. ही वर्गणी. लिही.

रॉजर : ...आणि आयव्ही गॉट्स. पाहुणी. लिहिलं बघा.

मॉरीन : चहा ओता कुणीतरी. शाळेत तीनशे पोरांचं जेवण एका पातेल्यात ढवळलंय मी, पण इतकी तहान कधी लागली नव्हती.

आयव्ही : पी. दोन चमचे साखर घातलीय, नेहमी एकच घालते.

रॉजर : मॉरीन, हे तळं आलं पुस्तकात. बत्तिसावी जागा. क्लेच्या दलदलीपासून सुरुवात होते, टिचवेल येतं, मग ही सगळी नावाजलेली ठिकाणं, आणि त्यांच्या ओळीत... नाव काय द्यायचं? नकाशावर तर नुसतं "खाण" लिहिलंय.

आयव्ही : डेरेकचं डबकं. सगळे तेच म्हणतात.

रॉजर : ते लोक चिडवून म्हणतात.

मॉरीन : म्हणू दे. तेच लिहा. छापून आलं की चिडवायची मजा जाते.

रॉजर : "डेरेकचं डबकं. कारखान्याच्या मागच्या फाटकातून पायवाट. खोपटात बाक अरुंद."

मॉरीन : बाकाबद्दल लिहिलंत तर बघा.

रॉजर : बरं, खोडलं. आता बनला काय सांगाल?

मॉरीन : मी नाही, तुम्ही सांगा. जाताना त्याच्या दारात गाडी थांबवा. मंडळाच्या चिटणिसानं सांगितलं की तो टोपी नीट डोक्यावर घालेल.

रॉजर : थांबवतो. नक्की थांबवतो. आणि मॉरीन... मी एक ठरवलंय. हे पुस्तक माझ्या हातचं शेवटचं. पुढचं कोणीतरी तरुण माणूस करेल. तेव्हा या एका गोष्टीचा अधिकार मी वापरणार आहे. तुमच्या तळ्यापुढे मी एकशे एक लिहितोय.

आयव्ही : एकशे एक कसे?

रॉजर : डेरेकची डुबडुबी धरून. नऊ वर्षं झाली. मंडळाला मी समजावीन. आम्ही घाईत निर्णय घेतला, असं म्हणेन. कुणी विचारणारही नाही आता.

आयव्ही : छान. चांगला पोरगा आहेस. लिही आणि नीघ, उशीर होतोय तुला.

मॉरीन : शंभर लिहा.

रॉजर : मॉरीन, तुम्हीच तर इतकी वर्षं... सभेत तुम्ही टेबलावर हात आपटला होता. माझा कप सांडला होता.

मॉरीन : आपटला होता. तेव्हा मला डुबडुबी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. डेरेक म्हणाला पाहिली, म्हणजे पाहिली. ती शोधायलाच मी दुर्बीण घेतली. पुन्हा दिसली की तुमच्या तोंडावर मारणार होते. आणि तिसऱ्या हिवाळ्यात दिसली. इथे नाही, हिकलिंगच्या मोठ्या तळ्यावर, जानेवारीतच. शेजारच्या बाईनं दाखवली. मी म्हटलं, ही नव्हे, ही तर करडी-पांढरी, ओल्या उंदरासारखी. सोनेरी पिसं कुठायत? ती बाई हसली. म्हणाली, ती उन्हाळ्यातली पिसं, हिवाळ्यात नसतात.

आयव्ही : मॉरीन, पुरे. चहा निवतोय.

मॉरीन : निवू दे. घरी आले आणि डेरेकचं पक्ष्यांचं जाडं पुस्तक उघडलं. त्या पानावरचं वर्णन वाचलं. मान काळी, अंगाच्या बाजू तांबूस, डोळा लालभडक. शब्द न् शब्द. वर उन्हाळ्यातलं चित्र. त्याला तेवढंच पान मिळालं असणार. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना, रॉजर?

रॉजर : ...कागद हातात घेतला तेव्हाच. तीस जणांनाही कळलं होतं. कोणी एकमेकांशी बोललं नाही. सगळ्यांनी चहा घेतला, खिडकीकडे बघून हात केला आणि घरी गेले.

मॉरीन : आणि तुम्हाला, आयव्ही?

आयव्ही : मी त्याची बहीण आहे. किटली भरत होते तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी जाम चोरल्यावर बघायचा तसं.

मॉरीन : सहा वर्षं मीही गप्प बसले. एवढी भांडले होते, आता कुठल्या तोंडानं माघार घेऊ? आणि एक त्याची डुबडुबी सोडली तर माझ्या हातात काय होतं? आज ऑस्प्रे आहे. तीन माणसांनी पाहिला, पाय लागले, मासा घेऊन गेला. आता मला त्याच्या खोट्याचा आधार नको.

रॉजर : पण त्याचं नाव...

मॉरीन : नाव तळ्याला आहे ना. पुरे तेवढं. शंभर लिहा, रॉजर. डेरेकनं ती पाहिली नव्हती.